घाटाची गाडी : एक्झॉस्ट ब्रेक घ्यायचा तर कोणता?

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी पिकअप २०१३ सालची, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. शाहू मार्केट यार्डातनं गुळाचे रवे भरतो आणि गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवली असा जातो. आठवड्याला दोन खेपा. माल धरून गाडी तीन टनाच्या आसपास भरते. गेल्या महिन्यात घाट उतरून खाली थांबलो तर पुढच्या दोन्ही चाकांतनं धूर. पॅड नवीन घातले, पण मनातली भीती जात नाही. जुन्या बाजारातला एक ओळखीचा माणूस ट्रकचा उतरवलेला एक्झॉस्ट ब्रेक साडेतीन हजारांत देतो म्हणतो. घेऊ का? नसेल तर कुठला घ्यावा?
— एक गूळ वाहतूकदार, लक्ष्मीपुरी

उत्तर : एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराची वाट कोंडून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा ब्रेक. पण तो ट्रकचा नग घेऊ नका. पत्र छापून येईपर्यंत घेतला असेल तर बसवू नका. का ते पुढं सांगतो, पण आधी तुमच्या धुराबद्दल बोलू, कारण तुमचं पत्र वाचून मला माझा १९९४ चा पावसाळा आठवला.

तेव्हा मी गॅरेजात नवीन होतो. एका गिऱ्हाइकाची भरलेली गाडी घेऊन त्याच करूळ घाटात उतरत होतो. अर्धा घाट पाय ब्रेकवर ठेवूनच काढला. एका वळणाच्या अलीकडं पेडल दाबलं ते सरळ फळीला टेकलं. खाली काही लागेचना. गियर खाली ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि डावं चाक गटारीत घातलं, तेव्हा थांबली. नंतर ब्रेक ऑइल काढून बघितलं तर चहासारखं काळं. चार वर्षांत कुणी बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. नवं कोरडं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या पुढं कधीही उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं, पण चाकाला जोर पोचत नाही. तुमच्या चाकातनं धूर आला म्हणजे तुम्ही त्या जागेच्या फार जवळ जाऊन आलात. पॅड बदलले ते बरं केलं, पण ऑइल बदललं का? पत्रात तसं लिहिलेलं नाही. नसेल तर उद्याच बदला, चारी चाकांतनं नवं ऑइल येईपर्यंत हवा काढून घ्या, आणि पुढं दर दोन वर्षांनी. तुमच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइल भरतात त्या डब्याच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तो बघून घाला.

आता घाटाचा हिशेब. तीन टनाची गाडी पाचशे मीटर उंचीवरनं खाली आली, तर तेवढ्या उतरण्यात जी शक्ती सुटते तिच्यावर पन्नास लिटर गार पाणी उकळेल. ही सगळी उष्णता कुठंतरी जायला हवी. तुम्ही फक्त पायाच्या ब्रेकनं गाडी धरली तर जवळजवळ सगळी चार चाकांतल्या चार लहान लोखंडी तुकड्यांत जाते. गियरमध्ये धरली तर इंजिन त्यातला काही वाटा उचलतं, आणि इंजिनाला रेडिएटर आहे, सायलेन्सर आहे. उष्णता बाहेर टाकायलाच ते बनलंय.

पण डिझेल इंजिन नुसतं गियरवर गाडी फार धरत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला हवेच्या वाटेत थ्रॉटलचा पडदा असतो. पाय काढला की तो बंद होतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो, म्हणून पेट्रोलची गाडी पाय काढताच मागं ओढल्यासारखी होते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त डिझेल बंद होतं. पिस्टन हवा दाबतो खरा, पण तीच दाबलेली हवा पुढच्या धक्क्यात पिस्टनला बरीचशी शक्ती परत देते. एक्झॉस्ट ब्रेक इथं कामाला येतो. टर्बोच्या (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या पंख्याच्या) पुढं, सायलेन्सरच्या पाइपात एक गोल पत्रा आडवा होतो. धूर बाहेर जायची वाट बंद होते. पिस्टन वर येताना त्या कोंडलेल्या हवेला ढकलत बसतो, आणि ते ढकलण्याचं काम गाडीच्या चाकांकडनं वसूल होतं.

ट्रकचा नग का नको, तर त्या आडव्या पत्र्याला एक भोक असतं. दाब ठरावीक हद्दीच्या वर जाऊ नये म्हणून ते भोक त्या ट्रकच्या इंजिनाच्या मापानं पाडलेलं असतं. सहा लिटरच्या इंजिनाचा धूर अंदाजून केलेलं भोक अडीच लिटरच्या इंजिनाला एवढं मोकळं पडतं की ब्रेक लागल्याचं तुम्हाला कळणारही नाही. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, भोक वेल्डिंगनं बारीक करू. इथंच इंजिनाचं वाटोळं होतं. पाइपातला दाब एक्झॉस्ट व्हॉल्वच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या पाठीवर बसतो. व्हॉल्व बंद ठेवायला फक्त त्याची स्प्रिंग आहे. ३५ मिलिमीटरच्या व्हॉल्ववर चौरस सेंटिमीटरला ४ किलोचा दाब आला, तर जवळजवळ चाळीस किलोचा जोर तो व्हॉल्व उघडायला बघतो. स्प्रिंग हरली की पिस्टन हवा ओढत असताना एक्झॉस्ट व्हॉल्व भलत्या वेळी उघडतो, परत आपटून बसतो, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) जास्त असेल तर पिस्टनला ठोकतो. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायला आलेल्या अशा गाड्या मी बघितल्यात. वाकलेला व्हॉल्व, पिस्टनवर चंद्रकोरीसारखी खूण.

त्यामुळं दुकानात गेल्यावर "केवढ्याला?" हा पहिला प्रश्न विचारू नका. माझ्या इंजिनाच्या मूळ व्हॉल्व स्प्रिंगला किती दाब चालतो आणि हा ब्रेक किती दाबावर थांबतो, हे विचारा. दोन्ही आकडे कागदावर मागा. इंजिन मॉडेलचं नाव त्या कागदावर हवं. "सगळ्या पिकअपला बसतो" असं सांगणाऱ्याकडनं उठून या.

दुसरी गोष्ट, भोकाचा घ्यायचा की दाब धरून ठेवणारा? साध्या भोकाच्या ब्रेकचा दाब आरपीएमबरोबर वाढतो. सगळ्यात वरच्या आरपीएमला हद्द ओलांडू नये असं भोक ठेवावं लागतं, म्हणून मधल्या आरपीएमला तो निम्माही धरत नाही. दुसऱ्या जातीत स्प्रिंगवर बसलेला एक छोटा सुटका-व्हॉल्व असतो. दाब हद्दीला पोचला की तो उघडून जास्तीची हवा सोडतो, त्यामुळं कमी आरपीएमलाही दाब पुरेसा राहतो. किंमत जास्त पडते, पण तुमच्यासारख्या लहान इंजिनाला आणि वळणावळणाच्या घाटाला माझं मत पूर्ण या दुसऱ्या जातीकडं आहे. आपल्या घाटात पन्नास मीटर सरळ रस्ता मिळत नाही. आरपीएम सारखा वरखाली होतो.

तिसरी गोष्ट, पत्रा हलवणार कोण? ट्रकला हवेची टाकी असते, तिथं हवेवर चालतो. तुमच्या पिकअपला हायड्रॉलिक म्हणजे ऑइलवरचा ब्रेक, आणि पायाचा जोर वाढवायला व्हॅक्यूमवर (हवा ओढून केलेल्या पोकळीवर) चालणारा बूस्टर. हवेवर चालणारा नग घेतला तर वेगळा कॉम्प्रेसर आणि टाकी घाला, खर्च आणि बिघाड दोन्ही वाढले. व्हॅक्यूमवर चालणारा स्वस्त पडतो, पण व्हॅक्यूम येणार कुठनं? डायनॅमोच्या मागच्या पंपातनं, म्हणजे ज्याच्यावर तुमचा ब्रेक बूस्टर जगतो त्याच नळीतनं. बूस्टरच्या नळीला नुसता टी मारून, म्हणजे फाटा काढून, एक्झॉस्ट ब्रेक जोडलेल्या गाड्या मी दारातनं परत पाठवल्यात. नव्या नळीला गळती लागली तर ऐन उतारावर पायाचा ब्रेक घट्ट होऊन बसेल. व्हॅक्यूमचाच घ्यायचा असेल तर त्याला स्वतंत्र छोटी टाकी आणि मध्ये एकाच दिशेनं जाणारा व्हॉल्व हवाच. मोटरवर चालणारा इलेक्ट्रिक मिळाला तर सगळ्यात बरा, ब्रेकच्या व्यवस्थेला हात लागत नाही.

बसवताना दोन स्विच सक्तीचे. एक ॲक्सिलरेटरला : पाय टेकला की पत्रा उघडलाच पाहिजे. दुसरा क्लचला : क्लच दाबला आणि पत्रा बंद राहिला तर कोंडलेलं इंजिन बंद पडेल, आणि इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. फिटिंगवाला म्हणाला "क्लचचा स्विच नंतर बघू", तर गाडी त्याच्या दारातनं हलवू नका. बसवल्यावर टर्बो आणि पत्र्याच्या मध्ये दाबाचा गेज लावून गाडी उतारावर चालवून आकडा बघायचा, कागदावरच्या हद्दीशी जुळवायचा. टर्बोचं सील आधीच तेल सोडत असेल किंवा मनिफोल्डचं (इंजिनातनं धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं) पॅकिंग फुंकत असेल, तर आधी ती कामं. कोंडलेला दाब पहिल्यांदा तिथनंच वाट काढतो. शिवाय धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व तुमच्या गाडीला असेल, तर ब्रेक लागताना तो बंद राहिला पाहिजे. नाहीतर अर्धा दाब तिकडनं पळतो.

आणि गियर. याच्यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण पैसे खर्च करून लोक इथंच चुकतात. तीन टनाची गाडी, शंभर मीटरला सहा मीटर उतार, ताशी तीस किलोमीटर वेग : एवढं धरायला साधारण वीस अश्वशक्ती लागते. अडीच लिटरचं इंजिन, ३ किलोचा दाब, ३००० आरपीएम : कागदावर एक्झॉस्ट ब्रेक पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास धरतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. तोच ब्रेक चौथ्या गियरात १५०० आरपीएमला निम्म्यावर येतो. म्हणजे ब्रेक तोच, पैसे तेवढेच, पण गियर चुकीचा असेल तर निम्मी वस्तू वाया. ज्या उतारावर वेग वाढू द्यायचा नाही तिथं तो सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा गियर टाकायचा. वेग वाढल्यावर मध्येच गियर ओढायला जाऊ नका. बसला नाही तर गाडी मोकळी सुटते. आरपीएमच्या लाल रेघेवरही नजर ठेवा. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर डिझेल बंद करू शकतो, पण रस्ताच इंजिन फिरवत असेल तर तो काही करू शकत नाही. तिथं पायाचा ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणायचा आणि सोडायचा. हलका दाबून धरून बसायचं नाही.

मला विचाराल तर ऑइल बदलून पुढच्या तीन खेपा पूर्ण घाट खालच्या गियरात उतरा. दर खेपेला खाली थांबलात की चाकाजवळ हात नेऊन धग बघा, डिस्कला लावू नका. धग तरीही जास्त वाटली तर दाब धरून ठेवणारा, इलेक्ट्रिक, कागदासकट असा ब्रेक घ्या. बऱ्याच जणांचं काम त्या तीन खेपांतच होतं. झालं नाही तर मात्र पैशाकडं बघू नका. आठवड्याला दोनदा करूळ उतरणाऱ्या माणसाला ही चैन नाही.

बसवल्यावर एक जपा : हा ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. रिकामी गाडी, ओला रस्ता, वर लाल मातीचा थर असेल तेव्हा बटण बंद ठेवा, नाहीतर मागचा भाग वळणावर बाजूला सरकेल. हा ब्रेक लागतो तेव्हा मागचा लाल दिवाही लागत नाही, म्हणून मागं गाडी असेल तर पेडलला पाय टेकवून तिला कळवत चला.

प्रश्न : माझी बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची पिकअप आहे, अजून वॉरंटीत. आंबा घाटानं साखरप्याला भाजी नेतो. बाहेरनं एक्झॉस्ट ब्रेक बसवला तर चालेल का?
— कागल

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याच्या पुढचा-मागचा दाब सेन्सर सारखा मोजतो आणि त्यावरनं इंजिनाचा संगणक निर्णय घेतो. मध्ये तुम्ही पत्रा आडवा केलात की त्याला वाटतं फिल्टर तुंबला. दिवा लागेल, गाडीची ताकद कापली जाईल, कदाचित घाट चढतानाच. कंपनीनं तुमच्या मॉडेलला दिलेला असेल तरच, आणि त्यांच्याच वर्कशॉपात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्यावाला हेच कलम पुढं करेल. लक्ष्मीपुरीच्या मालकांनीही बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून उत्तर लेखी घ्यावं.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या डिझेल पिकअपला डॅशबोर्डवर एक्झॉस्ट ब्रेकचं बटणच आहे, मागं घोड्यांची ट्रेलर ओढून डोंगर उतरतो. आपल्याकडं असं का नाही?
— राजारामपुरी

उत्तर : त्यांची पिकअप म्हणजे आपल्या ट्रकच्या तोलाची वस्तू. १९८९ पासून डॉजच्या पिकअपला कमिन्स कंपनीचं ५.९ लिटरचं इंजिन आलं, आणि त्याच घराण्याचं इंजिन आपल्याकडं टाटाच्या ट्रकांत बसलं. तिथले मालक त्या जुन्या इंजिनाला बाहेरनं एक्झॉस्ट ब्रेक बसवताना मूळ स्प्रिंग काढून जाड, ६० पौंडी स्प्रिंग घालायचे. वर मी दाबाबद्दल लिहिलं, त्यातला हाच धडा. नव्या ६.७ लिटरच्या इंजिनात वेगळा पत्राच लागत नाही. टर्बोमधलीच धुराची वाट अरुंद होऊन धूर कोंडतो, म्हणून कारखान्यातनंच बटण येतं. थंडीत तेच बटण दाबून इंजिन लवकर गरमही करून घेतात.

इंजिनाच्याच दुसऱ्या एका ब्रेकच्या मुळाशी एक घाटच आहे, ते वाचून मला फार जवळचं वाटलं होतं. १९३१ मध्ये त्याच कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले होते. कॅलिफोर्नियात काहोन पासच्या उतारावर ब्रेक गेले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. ती भीती त्यांच्या डोक्यातनं गेली नाही. पुढं त्यांनी इंजिनच ब्रेक होईल अशी युक्ती काढली आणि १९६१ मध्ये जेकब्ज कंपनीनं ती बाजारात आणली. तिला जेक ब्रेक म्हणतात. पण तो वेगळा : तो धूर कोंडत नाही, दाबलेली हवा ऐन वेळी व्हॉल्व उघडून सोडून देतो, म्हणजे ती पिस्टनला शक्ती परत देतच नाही. त्याचा फटफट आवाज येतो. आपल्या लहान पिकअपना तो बसवायचा विचार नको.

प्रश्न : बाहेरचा महागडा नग घेण्यापेक्षा उद्यमनगरात टर्नरकडनं करून घेतला तर? एवढी ऑइल इंजिनं आपण केली, एक पत्र्याचा फ्लॅप काय अवघड?
— शिरोली

उत्तर : उद्यमनगराच्या हाताबद्दल मला काही शिकवू नका, माझं आयुष्य तिथं गेलंय. फ्लँज (पाइप जोडायची चकती), पाइपाचा जोड, ब्रॅकेट हे सगळं तिथंच करा, बाहेरनं येईल त्यापेक्षा चांगलं होईल. दाब सांभाळणारा भाग मात्र तयार घ्या. भरल्या गाडीनं चढताना त्या पाइपात पाचशे-सहाशे अंश होतात. साधी स्प्रिंग तिथं महिन्यात मऊ पडते आणि तिचा आकडा बदलतो, तुम्हाला कळतही नाही. पत्रा फिरवणारा शाफ्ट थंड असताना भोकात फिट ठेवला तर गरम झाल्यावर जाम होतो. जाम व्हायचाच असेल तर उघडा झाला पाहिजे, म्हणून स्प्रिंगनं उघडणारा आणि मोटरनं बंद होणारा हवा, उलटा नाही. आणि आठवड्यात एकदा तरी वापरत राहा, काजळीनं शाफ्ट धरतो.

प्रश्न : काका, माझे मिस्टर दाजीपूरवरनं फोंडा घाटानं टेम्पो घेऊन जातात. डिझेल वाचतं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कधी कधी इंजिनसुद्धा बंद करतात. मी काही बोलले की म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं. तुम्हीच सांगा.
— राधानगरी

उत्तर : ताई, तुम्हाला बरोबर कळतंय. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की आताची डिझेल इंजिनं डिझेल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे वाचतं ते गियरमध्ये, न्यूट्रलमध्ये नाही. आणि इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही बंद. बूस्टरात उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग नाही.

त्यांना हे वाचून दाखवू नका, करून दाखवा. टेम्पो सपाट अंगणात उभा असताना चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि त्यांना इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल चारदा दाबायला सांगा. पहिल्यांदा मऊ जाईल, दुसऱ्यांदा थोडं कमी, चौथ्यांदा दगडासारखं होईल. मग तसाच पाय दाबून धरून इंजिन सुरू करायला सांगा. पेडल पायाखाली आपोआप खाली सरकेल.